बाहेरचे लोक

हिंदी दैनिकाच्या डेस्कवर मी जितकी वर्षं काढली, त्यात दंगलीच्या बातमीची भाषा बदलली नाही. दोन गटांत वाद. एका समुदायाच्या दुकानाचं नुकसान. परिस्थिती तणावपूर्ण पण नियंत्रणात. गटांची नावं छापायची नाहीत हा नियम होता आणि त्यामागचं कारण योग्य होतं. एका मोहल्ल्याचं नाव छापलं की दुसऱ्या मोहल्ल्यात दगड उचलला जातो. एक वाक्य मात्र डेस्कनं घडवलेलं नव्हतं. ते वार्ताहर रस्त्यावरून आणायचे आणि कुठल्याही वस्तीतून आणलं तरी ते तसंच असायचं. हल्ला करणारे बाहेरचे लोक होते, आमच्या गल्लीतलं कुणी नव्हतं.

आमच्या गल्लीतही हेच म्हणत. ही गल्ली काचीगुडा आणि चिक्कडपल्ली यांच्या मधे कुठेतरी आहे. तिथं बहुतेक घरं तेलुगू, काही मारवाडी, एक आमचं मराठी. गल्लीच्या मध्यावर, आमच्या गॅलरीच्या बरोबर समोर, गाद्या-रजयांचं एक दुकान. ते चालवणारे गृहस्थ गल्लीतले एकटे मुसलमान. राहायलाही तिथंच, दुकानामागच्या खोलीत. बायको वारल्यावर आणि मुलगी लग्न होऊन मुसी नदीपलीकडे जुन्या शहरात गेल्यावर एकटेच. गल्ली त्यांना चाचा म्हणे.

माझे वडील, नाना, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाले. त्यांचं प्राथमिक शिक्षण उर्दूत झालं, निजामाच्या काळातल्या शाळेत. चाचा त्यांना बाबूसाब म्हणत. सकाळी दुकान उघडताना ते मान वर करून विचारत, "क्या बाबूसाब, चाय हुई?" आणि नाना गॅलरीतून म्हणत, "कबकी हुई मियाँ, तुम अब उठ रहे." हे रोज होत असे. त्यात दोघांना काही जास्तीचं म्हणायचं नसे.

दुकानाचं शटर डाव्या बाजूला अडकायचं. उचलण्याआधी खालच्या पट्टीला डाव्या पायानं आत ढकलावं लागे, मग ते सुटायचं. हे गल्लीतल्या पोरांनाही माहीत होतं, कारण चाचांच्या हातात गाठोडं असलं की समोर दिसेल त्याला ते हाक मारत, "ए पोट्टे, जरा लात मार रे." गल्लीत जन्मलेल्या प्रत्येक मुलानं कधी ना कधी त्या शटरला लाथ मारली होती.

अधूनमधून काहीतरी व्हायचं. एका वर्षी दुकानाच्या पाटीवर दगड बसला. ऑफिसातल्या वार्ताहराला मीच तिथं घेऊन गेले होते. चाचांनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "बाहर के लोगाँ थे साब. अपने बच्चे ऐसे नक्को करते." बाजूला गल्लीतले पिठाच्या गिरणीवाले उभे होते, त्यांनी मान डोलावली. गल्लीत असं काही झालं की एक पद्धत होती. ज्याला लागलं त्याच्याजवळ पोलीस पोहोचण्याआधी गल्लीतला एखादा वडीलधारा जाऊन बसायचा. चहा मागवायचा, इकडचं तिकडचं बोलायचा. सांगायचं काय, हे कुणी कुणाला शिकवत नसे. शेजारी ओळखीचा माणूस बसलेला असला की तेच वाक्य तोंडात यायचं. यात लबाडी आहे असं कुणाला वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच गिरणीवर दळण टाकायचं असायचं.

मिरवणुकीच्या दिवशी दुकान जळलं तेव्हा मी ऑफिसात होते. पुढचं मला नानांनी आणि चाचांनी वेगवेगळं सांगितलं, आणि दोघांचं सांगणं जुळतं. मिरवणूक मोठ्या रस्त्यावरून चालली होती. कोपऱ्यावर काही बाचाबाची झाली, दुकानं पटापट बंद झाली. चाचांनीही शटर ओढलं, पण एका लग्नाच्या गाद्या भरायच्या राहिल्या होत्या म्हणून ते आतच बसले. थोड्या वेळानं तोंडाला रुमाल बांधलेली काही पोरं गल्लीत शिरली. एकानं पट्टीला डावा पाय लावून शटर आत ढकललं आणि उचललं. दुसऱ्यानं पेटता बोळा टाकला. पिंजलेला कापूस पेटायला वेळ घेत नाही. चाचा मागच्या दारानं बाहेर पडून, वळसा घालून आमच्या जिन्यात आले. दोन्ही हात भाजले होते, छातीत धूर गेला होता.

त्या दिवशी रस्ते बंद होते. अँब्युलन्स चाचांना घेऊन गेली, पण गल्लीतलं कुणी इस्पितळात पोहोचू शकलं नाही. पोलीस आधी पोहोचले. इन्स्पेक्टरनं विचारलं, कोण होतं, आणि चाचांनी गिरणीवाल्यांच्या मुलाचं नाव सांगितलं.

"रुमाल बांधेला था, पर मैं पहचाना," त्यांनी मला नंतर सांगितलं. "पूछे, तो बोल दिया बेटी. सोचने कू टाइम नै मिला."

गल्लीच्या मते चूक इथं झाली. आग लागण्यात नाही, नाव घेण्यात. तीही चाचांवर ठेवली नाही. "आपल्याला पोहोचायला उशीर झाला," असं लोक म्हणत.

संध्याकाळी, मी प्रेसचं कार्ड दाखवत घरी पोहोचल्यावर, पोलीस आमच्याकडे आले. नाना दिवसभर गॅलरीत होते हे सगळ्यांना ठाऊक होतं. नानांनी सांगितलं, "बाहर के लोग थे साब." जबाब तेवढाच झाला. मग आम्ही जेवायला बसलो. आमटी वाढत असताना नाना म्हणाले, "डाव्या पायानं ढकललं त्यानं. एकदम सराईत."

मी विचारलं, "पोलिसांना सांगितलं का?"

"त्यांनी विचारलं, कोण होते. पाय कोणता ते नाही विचारलं." आणि त्यांनी भात मागितला.

आमच्या पेपरात त्या दिवसाच्या बातमीत एका दुकानाचा उल्लेख होता. कुठल्या गल्लीतलं, कुणाचं, हे नव्हतं. नियमाप्रमाणे नव्हतं.

इस्पितळातून चाचा मुलीकडे गेले. दुकान काळं होऊन उभं राहिलं. जळलेल्या कापसाचा वास गल्लीत पुष्कळ दिवस होता, नंतर तो आहे की नाही हे कळेनासं झालं. त्या काळात गल्लीतली सगळी घरं चाचांनीच भरलेल्या गाद्यांवर झोपत होती. आमचीही. याबद्दल कुणी काही बोललं नाही आणि मलाही ते बरेच दिवस सुचलं नव्हतं.

त्याच सुमारास डेस्कवर परदेशातल्या बातम्यांचं पान माझ्याकडे आलं. यादवी संपलेल्या देशांमधले अहवाल असत. हाकलून दिलेली कुटुंबं आपल्या गावी परत जात आहेत, परक्या सैनिकांच्या पहाऱ्यात घरं पुन्हा बांधत आहेत, न्यायालयं बसत आहेत. परत जाण्याचा हक्क, असा शब्द त्यात असायचा. मी त्याचं हिंदी करत होते. घरी येताना काळं शटर लागायचं. आमच्याकडे यादवी झाली नव्हती, त्यामुळे ती संपलीही नव्हती. एक दुकान जळलं होतं आणि एका माणसाला परत यायचं होतं.

त्यांना यायचं होतं हे स्पष्ट होतं. मी भेटायला गेले तेव्हा मुलीच्या घरी ते दारात स्टूल टाकून बसले होते. हात बरे झाले होते, बोटं पूर्ण मिटत नव्हती. "इधर सब अपनेच लोग हैं," ते म्हणाले. "पर मेरेकू कौन जानता इधर? उधर मैं चाचा हूँ. इधर दामाद के घर का बुड्ढा." मुलगी आतून म्हणाली, "अब्बा, फिर वोच बात शुरू किये?"

दुकानाचे मालक दुसऱ्या शहरात राहत. त्यांचं म्हणणं साधं होतं. गल्लीची हरकत नसेल तर चाचांनी पुन्हा उघडावं. गल्लीची हरकत नव्हती. गल्लीला फक्त नाव नको होतं.

एका रविवारी सकाळी गिरणीवाले आमच्याकडे आले. ते ठाण्याच्या शांतता समितीचे आमच्या भागातले प्रमुख होते. प्रत्येक मोठ्या सणाआधी ठाण्यात बैठक होते, दोन्हीकडचे लोक बोलावतात, समोसे देतात. चाचाही त्या समितीवर होते. गल्लीतून मुसलमान म्हणून दुसरं कुणी नव्हतंच.

"अक्का," गिरणीवाले मला म्हणाले, "आपके घर में बैठेंगे. मेरे घर बुलाया तो वो नै आता. उसके उधर मैं नै जा सकता. आपका घर बीच का है."

बीचका म्हणजे मराठी. आम्हीही अल्पसंख्यच. सुलतान बाजारात आमच्या लोकांचं ग्रंथालय आहे, शाळा आहे, त्या शाळेला भाषिक अल्पसंख्याकांची म्हणून मान्यता आहे. पण आमच्या गॅलरीवर कुणी दगड मारलेला नाही. आमचं अल्पसंख्य असणं शाळेच्या दाखल्यात आहे, ते बरोबर घेऊन रस्त्यानं चालावं लागत नाही. त्यामुळे आमच्या हॉलमधे बसणं सगळ्यांना सोयीचं होतं.

चाचा जावयाच्या स्कूटरवरून आले. जावई खाली थांबले, वर आले नाहीत. चाचांनी नानांना सलाम केला, नानांनी खुर्ची पुढे सरकवली. गिरणीवाले आधीच येऊन सोफ्यावर बसले होते. मी चहा ठेवला.

"हात कैसा है?" गिरणीवाल्यांनी विचारलं.

"अच्छा है. खाने कू उठता, मारने कू नै उठता."

गिरणीवाले हसले, मग थांबले. "देखो चाचा, मैं सीधा बोलता. लडका गधा है. इंटर में दो बार फेल हुआ. कौन दोस्तों के साथ घूमता, मेरेकू मालूम नै. अब बाहर नौकरी लगी, पासपोर्ट का है, पोलीस वेरिफिकेशन होता. केस रहा तो खतम."

"कहाँ लगी नौकरी?"

"दुबई में."

चाचांनी बशीत चहा ओतला. "दुबई? अरे, वहाँ तो सब हमारेच लोगाँ हैं. डर नै लगता उसकू?"

नाना खोकल्यासारखे हसले. गिरणीवाल्यांचा चेहरा लाल झाला, पण तेही हसले. हसण्याशिवाय तिथं करण्यासारखं काही नव्हतं.

"मैं माफी माँगता," गिरणीवाले म्हणाले. "उसके बदले मैं माँगता. शटर नया मैं लगाता. तुम आओ, बैठो, पहले के जैसा."

"माफी किसका माँगते?" चाचांनी विचारलं. "तुम बोलते वो था नै. था नै तो माफी काहेका?"

गिरणीवाल्यांनी कप खाली ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाचे कप उचलले.

जाळपोळीची तक्रार मागे घेता येत नाही. मागे घेता येते ती ओळख. चाचांनी ठाण्यात जाऊन, धूर होता, मी घाबरलो होतो, चेहरा नीट दिसला नव्हता, बाहेरचे लोक असावेत, असा नवा जबाब द्यायचा, एवढंच मागणं होतं. गिरणीवाल्यांनी ते बोलून दाखवलं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

चाचा नानांकडे वळले. "बाबूसाब, आप बोलो. आप ऊपर बैठे थे. आप देखे क्या?"

त्या एका उत्तरावर काय अवलंबून होतं हे खोलीतल्या चारही माणसांना कळत होतं. नाना हो म्हणाले असते तर चाचांचा शब्द एकट्याचा राहिला नसता. जबाब टिकला असता, केस उभी राहिली असती. गल्लीत परत येण्याचं काय झालं असतं ते सांगता येत नाही. नाही म्हणाले असते तर परत येणं सोपं होतं.

नाना म्हणाले, "धुआँ बहुत था मियाँ."

चाचांनी त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही. दळण मोजताना काट्याकडे पाहतात तसं.

"हौ," ते म्हणाले. "धुआँ तो था."

त्यांनी एक अट घातली. दुकान उघडताना हार नकोत, फोटो नको, समिती नको, साहेब नकोत. एखाद्या साध्या सकाळी मी येईन आणि उघडेन. गिरणीवाले म्हणाले, चालेल. पण दुकान उघडायच्या दिवशी ते नारळ घेऊन आलेच, आणि गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोघांचा हात हातात घेतलेला फोटो दुपारपर्यंत फिरला. खाली पुष्कळ जणांनी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं होतं. आमच्या पेपरच्या स्थानिक आवृत्तीत तो फोटो आतल्या पानावर आला. फोटोखालची ओळ मी लिहिली नाही, दुसऱ्या कुणीतरी लिहिली. त्यात सलोखा हा शब्द होता.

दुकान चालू लागलं. नवं शटर हलकं होतं, एका हातानं उठायचं. पिंजायचं यंत्र चाचांनी जुनंच दुरुस्त करून घेतलं. गाद्या शिवायला एक बाई ठेवल्या, कारण बोटं मिटत नव्हती. सकाळी नाना गॅलरीत बसत, चाचा खालून चहाचं विचारत, नाना उत्तर देत. शब्द तेच होते. मी ते ऑफिसला निघताना ऐकत असे आणि त्यात काही वेगळं आहे का, हे मला ठरवता येत नसे. गिरणीवाल्यांच्या मुलाचं दुबईचं काही कारणानं लांबलं. तो गिरणीवर बसू लागला. जाता-येता चाचांना नमस्ते करायचा. चाचा मान हलवायचे.

पुढच्या वर्षी मिरवणुकीच्या आधी चाचा मला म्हणाले, "बेटी, ठाणे तक आती क्या? एक जवान दुकान के सामने बिठाव बोलके बोलना है. तेरेकू बोलना आता." मी गेले. आम्ही पोहोचलो तेव्हा गिरणीवाले तिथं आधीच होते. शांतता समितीची बैठक त्याच सकाळी होती. ते उठून आले आणि आमच्या शेजारच्या खुर्चीवर बसले, मदत करायला.

इन्स्पेक्टर नवीन होते. सभ्य होते. त्यांनी संगणकावर जुनी केस उघडली, वाचली, आणि चाचांना आदरानं विचारलं, "बड़े मियाँ, आपका बयान है, बाहर के लोग थे. गल्ली में किसी से खतरा है आपकू?"

चाचांनी समोर पाहिलं. बाजूला पाहिलं नाही.

"नै साब. गल्ली में कुच्छ नै."

"सब भाई भाई हैं साब," गिरणीवाले म्हणाले.

"तो फिर ठीक है. बाहरवालों का बंदोबस्त हम करते." इन्स्पेक्टरांनी लगेच फोन लावला. बंदोबस्त मंजूर झाला. मागितलेलं मिळालं नाही असं म्हणता येणार नाही. परतीच्या वाटेवर चाचा एवढंच म्हणाले, "अच्छा आदमी है."

मिरवणुकीच्या दिवशी मी सुट्टी घेतली होती. दुकान बंद होतं. कापूस चाचांनी मुलीकडे हलवला होता, पण यंत्र हलवण्यासारखं नव्हतं. दुपारी ते आमच्याकडे येऊन नानांच्या शेजारी गॅलरीत बसले.  गल्लीच्या तोंडाशी प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून दोन कॉन्स्टेबल बसले होते, काठ्या मांडीवर, तोंडं मोठ्या रस्त्याकडे. बाहेरचे लोक तिकडून येणार होते. गल्ली त्यांच्या पाठीमागे होती. दुकानही. गिरणीच्या ओट्यावर पाच-सहा पोरं जमली होती, गिरणीवाल्यांचा मुलगा त्यांच्यात होता. ती काही करत नव्हती. मोबाइल बघत होती.

बऱ्याच वेळानं चाचा म्हणाले, "बेटी, उनकू बोल सकते क्या, एक कुर्सी इधर मुँह करके रखो? एकच."

मी खाली गेले. वयानं मोठ्या कॉन्स्टेबलनं ऐकून घेतलं. त्यानं खुर्ची उचलली, गल्लीकडे तोंड करून ठेवली आणि विचारलं, "रखता मॅडम. पर देखना किसकू है? वो बोलो."

तो मोठ्यानंच बोलला होता. ओट्यावरची पोरं माना वर करून बघू लागली. गिरणीवाले दारात आले. मी वर पाहिलं. नाना आणि चाचा दोघेही कठड्याला टेकून खाली बघत होते.  उत्तर चाचांनीच दिलं, वरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"किसीकू नै साब. वैसेच बोली बेटी. रहने दो."

कॉन्स्टेबलनं खुर्ची फिरवून परत रस्त्याकडे केली. उन्हात बसून घसा कोरडा पडला होता, त्यानं पाणी मागितलं. गिरणीवाल्यांचा मुलगा उठला, आतून गार बाटली आणली आणि त्याला दिली.